घुमटवाल्या साहेबांना अकरा प्रदक्षिणा

आमच्या यांच्या कार्यालयात सरकारी क्वार्टर मिळायला तीन गोष्टी लागतात. नोकरीची वर्षं, पगाराची श्रेणी आणि सर्वधर्मसद्भाव. पहिल्या दोन यांच्याकडे होत्या. तिसरी मिळवण्यासाठी एप्रिल शहाण्णवमधल्या एका गुरुवारी आम्हां उभयतांना कार्यालयाच्या बसने नेण्यात आलं.

कार्यालय सुरतेत आहे, एवढंच सांगते. नाव लिहू नकोस असं हे म्हणाले, आणि मी यांचं ऐकते.

आम्ही तेव्हा बमरोलीला एका खोलीत राहत होतो. मागच्या भिंतीला लागून कापड रंगवायची मिल. मिलमध्ये ज्या दिवशी जो रंग, तो आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायचा. मंगळवारी मी देवाचं पांढरं वस्त्र धुवावं आणि बुधवारी माझ्या बाळकृष्णाने मोरपिशी नेसून बसावं. ती मी कृष्णलीला म्हणून सोडून दिली. पण अनुजाचा, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचा, खोकला काही सोडून देता येईना. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे घर बदला." अठवा लाइन्सला कार्यालयाचं एक क्वार्टर रिकामं झालं होतं. यादीत आम्ही आणि निकम, दोघेही एकाच नंबरावर. आता निवाडा सद्भावनेच्या पाच गुणांवर होणार होता.

परिपत्रक असं होतं: 'कर्मचाऱ्याने सपत्नीक, स्वतःच्या धर्माव्यतिरिक्त अन्य धर्माच्या किमान तीन पवित्र स्थळांचे, मार्गदर्शकासह, एकाच दिवसात दर्शन घ्यावे व सद्भावना उत्पन्न झाल्याबाबत प्रपत्र भरून द्यावे.' धर्म चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. आमच्या तुकडीला ख्रिस्ती आला.

"सहल रविवारी का नाही हो?" मी यांना हळूच विचारलं.

"रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते. त्यांना त्रास नको, म्हणून कामकाजाचा दिवस धरलाय."

"पण कामकाजाच्या दिवशी चर्च उघडं असतं का?"

"ते परिपत्रकात नाहीये," हे म्हणाले.

बसमध्ये सहा जोडपी होती. मार्गदर्शक बन्सीलाल पाटील, पद कल्याण निरीक्षक, मूळचे अमळनेरचे, म्हणजे आमच्या गावाशेजारचे. मागच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या तुकडीला पारशांची अग्यारी दाखवली होती. परधर्मीयांना तिथे आत सोडत नाहीत म्हणून रस्त्याच्या पलीकडून दाखवली, आणि सद्भावना तरीही वेळेत उत्पन्न झाली होती. माणूस अनुभवी होता.

माझी मात्र एक अडचण होती. अनुजाच्या खोकल्यापायी मी व्रत धरलं होतं: रोज कुठल्याही एका देवस्थानाला अकरा प्रदक्षिणा, त्याआधी पाण्याचा घोटही नाही. एरवी आमच्या नाक्यावरच्या गणपतीला घालायचे. पण बस साडेपाचला निघाली आणि गणपतीचा दरवाजा सहाला उघडतो. म्हटलं, देव इथूनतिथून एकच. आज येशूला घालू.

पहिल्या चर्चला कुलूप होतं. समोरच्या पानवाल्याने तिथूनच ओरडून सांगितलं, "आजे बंध छे! रविवारे आवजो!"

"रविवारी बंदी आहे," बन्सीलाल त्याला म्हणाले, आणि आमच्याकडे वळले. "चला, जोडीजोडीने फाटकासमोर उभे राहा. कुलूप फोटोत मधोमध येऊ द्या. म्हणजे स्थळ सुरक्षित असल्याचं दिसतं."

मी चर्चच्या कडेने पाहून आले. एका अंगाला शाळेची भिंत चिकटलेली, दुसऱ्या अंगाला टायरचं दुकान. प्रदक्षिणा घालायला जागा नव्हती. घशाला कोरड पडली होती. बसमध्ये प्रपत्रं वाटली गेली. त्यात रकाना होता: 'दर्शनाने आलेली अनुभूती: शांत / अतिशांत / लागू नाही.' खाली बारीक अक्षरात, 'पती व पत्नी यांना भिन्न अनुभूती आल्यास कारण जोडावे.'

निकमांच्या सरलाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. स्वभावाने मोकळ्या, आवाजाने त्याहून मोकळ्या. "वहिनी, तुम्ही काय लिहिलं?"

"शांत."

"मग मी अतिशांत टाकते!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की ड्रायव्हरने ब्रेक मारला.

दुसरं चर्च उघडं होतं. ही गोष्ट कार्यक्रमात धरलेली नसल्याने बन्सीलाल थोडे गडबडले. पाद्रीसाहेब स्वतः बाहेर आले, "आवो, आवो, बेसो," म्हणाले, पंखा लावला आणि सगळ्यांसाठी माठातलं पाणी मागवलं. सगळे प्यायले. मी ग्लास हातात धरून बसले. आत इतकं गार आणि स्वच्छ होतं की मला मनापासून हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही. बन्सीलाल पेन काढून उभे.

"मुख्य मूर्तीचं नाव आणि तोंड कोणत्या दिशेला, तेवढं सांगा साहेब."

"भाई, अहीं मूर्ति नथी," पाद्रीसाहेब हसून म्हणाले. "फक्त क्रॉस छे."

"नाही? पण रकाना आहे ना."

"अमे मूर्ति राखता नथी."

बन्सीलालांनी थोडा विचार करून लिहिलं: 'मूर्ती तूर्त उपलब्ध नाही. मागणी नोंदवावी.' मी पाद्रीसाहेबांना प्रदक्षिणेबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "बेन, पाछळ गटरनुं काम चाले छे. पडी जशो." मागे खरोखरच पुरुषभर खड्डा होता. प्लेगनंतर सगळं शहर खणून साफ करणं चाललं होतं. सद्भावनेपोटी गटारात पडले असते तर ते कोणत्या रकान्यात गेलं असतं, कोण जाणे.

तिसरं चर्च जागेवर नव्हतं. त्या पत्त्यावर आता साड्यांचं मार्केट उभं होतं. बन्सीलालांनी जुनी यादी वरखाली पाहिली. खाली टाइप केलेलं होतं: 'ख्रिस्ती स्थळे, इतर: घुमट, एक.'

"सापडलं!" ते म्हणाले. "चला, घुमट!"

घुमट म्हणजे गोऱ्या लोकांचं जुनं कबरस्तान. तीनेकशे वर्षांपूर्वी इथे व्यापाराला येऊन इथेच राहिलेले साहेब. एका कबरीवर मात्र केवढा थाट! दुमजली घुमट, कमानी, खांब. आणि तो मोकळा उभा. चारी बाजूंनी फिरायला फरसबंदी वाट. एक वाजला होता. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि चालू लागले.

तिथला चौकीदार उखा झाडाखाली भाकरी खात होता. तो खानदेशातलाच. धावत आला. "ओ माई, आठे कसाले फिरी राह्यनात? हाऊ काई देव नही शे. हाऊ गोरा साहेब शे, मरी गयेल!"

"दादा, मेल्यावर सगळे देवाकडेच जातात," मी म्हटलं. दुसरी फेरी सुरू होती. खरं तर मला तहान लागली होती, पण तहानेला तत्त्वज्ञान लवकर सुचतं.

मागे वळून पाहते तर सरलाबाई माझ्या पाठोपाठ. त्यांच्यामागे बाकीच्या चौघी. त्यांच्यामागे, बायका फिरतात म्हणून, सहा नवरे. बन्सीलालांनी फोटो काढला आणि लिहिलं: 'स्थळ क्रमांक तीन. येथे विधिवत प्रदक्षिणेची प्रथा आहे.' प्रथा तेव्हा चार मिनिटांची झाली होती. अकरावी फेरी संपवून मी पाणी प्यायले. ती अनुभूती कोणत्याच रकान्यात बसणारी नव्हती.

पंधरा दिवसांनी कागद परत आला. वरून शेरा होता: 'स्थळ क्रमांक तीन हे थडगे दिसते. पवित्र असल्याचा पुरावा जोडावा. पुरावा म्हणजे, सदर स्थळी बोललेला नवस पूर्ण झाल्याचे लाभार्थी कर्मचाऱ्याच्या पत्नीचे घोषणापत्र.'

यांना सोबत घेऊन बन्सीलाल घरी आले, तो दिवसही गुरुवारच. अनुजा भिंतीकडे तोंड करून खोकत होती. त्या दिवशी मिलमध्ये पिवळा रंग होता.

"वहिनीसाहेब, सही करा. 'क्वार्टरसाठी नवस बोलले आणि क्वार्टर मिळालं.' एवढंच लिहायचंय."

"पण क्वार्टर मिळालं कुठे?"

"तुम्ही लिहिलं की स्थळ पवित्र. स्थळ पवित्र की पाच गुण. पाच गुण की क्वार्टर. क्वार्टर मिळालं की तुम्ही लिहिलेलं खरं." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "यात खोटं कुठे आहे, दाखवा."

मला दाखवता येईना. पण गुरुवारी खोटं बोलायचं नाही, असंही माझं एक व्रत आहे. "उद्या करते सही," मी म्हटलं.

"उद्या? निकमांच्या घरून आत्ताच आलो मी. सरलावहिनी काय म्हणाल्या माहितीये? 'द्या इकडे कागद, माझा नवस फेडूनसुद्धा झाला, फक्त बोलायचा राहिलाय!' घोषणापत्र एकच घेता येतं. मी आपलं गाव-शेजार म्हणून कागद आधी तुमच्यापुढे ठेवला. त्या पाचपर्यंत थांबणार आहेत."

घड्याळात सव्वाचार झाले होते. यांनी माझ्याकडे पाहिलं, अनुजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुनंदा, व्रत तुझं आहे. मी काही म्हणणार नाही." मग पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. खाली तारीख बुधवारची घातली. म्हणजे मी नाही घातली, यांनी घातली. गुरुवारी मी बुधवार लिहिणार नाही.

क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळाला पाणी, खिडकीत कडुनिंब. महिनाभरात अनुजाचा खोकला थांबला. बाळकृष्ण पुन्हा पांढरं नेसू लागला. इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

पण माझं घोषणापत्र फायलीत होतं, आणि आमच्या कार्यालयात फाइल सोडून बाकी सगळं गुप्त राहतं. सरलाबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी नारळ घेऊन घुमटाकडे गेल्या. पाच गुरुवार केले. सहाव्या गुरुवारी दुसरं क्वार्टर रिकामं झालं. त्यातले साहेब बडोद्याला बदलीच्या मागे दोन वर्षं होते, पण ते कोण ध्यानात घेतो? "वहिनी, साहेब कडक आहेत, पण न्यायी!" त्या मला मिठी मारून म्हणाल्या. 'साहेब' म्हणजे कबरीतले.

त्यानंतर बँकवाले आले, शाळामास्तर आले, पांडेसऱ्याच्या मिलमधले आले. कुणाला बदली हवी, कुणाला बदली रद्द हवी. एकाच कमानीखाली दोघेही हात जोडून उभे. उखाने भाकरी सोडून नारळ फोडायचं काम धरलं. परवा विचारलं तर म्हणाला, "माई, मी त पयलेच सांगं व्हतं, साहेब लई मोठा शे."

मला रात्रंदिवस टोचणी लागली. मी त्या पाद्रीसाहेबांकडे गेले, सगळं कबूल केलं आणि त्यांना कबरीवरचा मजकूर वाचायला घेऊन आले. त्यांनी चष्मा पुसून वाचला आणि मला अर्थ सांगितला. आत झोपलेला साहेब कापडाचा दलाल होता. वय वर्षं एकोणतीस. एका मेजवानीत पैज लावून ताडी प्यायला आणि उठलाच नाही. घुमट त्याच्या मित्रांनी बांधला, कारण पैज ते हरले होते.

मी ठरवलं, आता खरं सांगायचं. गुरुवारी, भर गर्दीत, माझ्या आवाजाला जमेल तितक्या मोठ्याने मी सगळं सांगितलं. घोषणापत्र खोटं. साहेब संत नाही. ताडी पिऊन मेला.

मग सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे आपण इतके दिवस नैवेद्यच चुकीचा दाखवत होतो!"

पुढच्या गुरुवारपासून ताडी आली. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा नैवेद्याला परवाना हवा. परवान्यासाठी प्रपत्र निघालं. त्यात रकाना आहे: 'नैवेद्य कोणी ग्रहण केला?' बन्सीलाल आता त्या कामाचे स्वतंत्र निरीक्षक आहेत. दर शुक्रवारी ते अर्धी रजा टाकतात.

शेवटी लिहून काढावं, वाचून तरी चार शहाणी माणसं थांबतील, म्हणून हे लिहायला घेतलं. पहिला मसुदा शेजारच्या बाईंना दाखवला. शिकलेल्या आहेत, कॉलेजात शिकवतात. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हो लोक एकेक!" म्हणाल्या. कागद परत देताना दाराशी घुटमळल्या आणि आवाज उतरवून विचारलं, "सुनंदाताई, अ‍ॅडमिशनसाठी पण चालतं का हो तिथे?"

तुम्हीही हसला असाल. बरं वाटलं. पत्ता मी दिलेला नाही आणि देणारही नाही. पण नैवेद्याच्या परवान्यापाशी आलात तेव्हा तुमच्या मनात एक अडलेलं काम येऊन गेलं. कोणतं ते?