म्हशीमार्फत

गेनूआप्पा कुठल्याही कार्यक्रमात स्टेजकडे पाठ करून बसतात. लावणी असो, ऑर्केस्ट्रा असो, नाहीतर शाळेचं गॅदरिंग असो. पुढची दुसरी-तिसरी ओळ धरायची, खुर्ची उचलून गर्रकन फिरवायची आणि लोकांकडे तोंड करून बसायचं. मागच्या माणसाला वाटतं, आप्पा आपल्यालाच बघतायत. तो बिचारा आधी कॉलर नीट करतो, मग चुळबुळ करतो आणि शेवटी उठून दुसरीकडे जाऊन बसतो.

"आप्पा, नाच तिकडं हाय," असं एखादा नवखा म्हणालाच तर आप्पांचं उत्तर ठरलेलं. "तिकडं ठरवून नाचत्यात. खरा खेळ हिकडं हाय."

आप्पा माझे न्हावऱ्यातले शेजारी. त्यांचा गोठा आणि माझी खिडकी यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड सोडलं तर काही नाही. त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं बोलणं मला ऐकू येतं. बोलणं म्हणजे नवरा-बायकोचं म्हशीमार्फत चालणारं बोलणं. हे जरा उलगडून सांगायला हवं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी पंचमीला देवळापुढे बायका फुगड्या खेळत होत्या. आप्पांच्या मंडळी, म्हणजे आमच्या सगुणाकाकी, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या, पण फुगडीत अजून पोरीबाळींना दमवणाऱ्या. आप्पा पारावर गड्यांमध्ये बसले होते. त्यांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. काकी रिंगणात उतरल्या तसे मोठ्यांदा म्हणाले, "आली बघा आमची म्हैस! सरका, जमीन हादरंल!"

गडी खो खो हसले. काकींनी हात सोडले, खोचलेला पदर काढून नीट डोक्यावर घेतला आणि घरी निघून गेल्या. संध्याकाळी आप्पांनी जेवायला मागितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी म्हैस ना? मग काय सांगायचं त्ये म्हशीला सांगा."

तेव्हापासून अबोला. पण आप्पा आज्ञाधारक. त्यांनी खरोखरच म्हशीला सांगायला सुरुवात केली.

"गंगे, आज बाजरीची भाकर केली तर बरं हुईल म्हनावं."

आतून काकी, "गंगे, बाजरीचं पीठ सपलंय म्हनावं. दळून आनाया हात हायेत का म्हनावं."

गंगी दोघांकडे आळीपाळीने बघते आणि रवंथ करते. केडगावचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा आले, तेव्हा "गंगे, जावयास्नी चा ठिव" हे ऐकून बराच वेळ गोठ्याकडेच बघत राहिले होते. मधल्या काळात पहिली गंगी म्हातारी होऊन गेली. आता तिची लेक हे काम बघते. पद वंशपरंपरेने चालत आलंय आणि नावही तेच ठेवलंय, नाहीतर काकींचा गोंधळ झाला असता.

गावातल्या शहाण्यांनी मध्यस्थी करून पाहिली. "आप्पा, चुकलं म्हना की एकदा." त्यावर आप्पा मान हलवत म्हणायचे, "कवाच म्हनलोय. म्हशीला." काकींपर्यंत ते पोचलं होतं, गोठा काही लांब नाही. पण गंगीने आणलेली माफी काकींना मान्य नसावी.

असे हे दोघे कार्यक्रमांना मात्र हमखास हजर. वडगाव रासाईची जत्रा असो की केडगावला काही असो, काकी बायकांच्या टेम्पोत आणि आप्पा माझ्या मोटारसायकलवर मागे. तिथे तरी उलटे बसत नाहीत, एवढंच माझं नशीब.

यंदा आमच्याच जत्रेत कमिटीने पुण्याहून नाचाची पार्टी आणली. फ्लेक्सवरची बाई इतकी देखणी होती की आठवडाभर आमच्या चौकात एसटी जरा जास्तच वेळ थांबत होती. रात्री स्पीकर लावायची परवानगी मिळाली नाही, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठेवला. रखरखीत उन्हात स्टेजवरचे लाल-निळे दिवे लागले. म्हणजे लागलेत असं दिवेवाल्याने सांगितलं म्हणून कळलं.

स्टेजवर आली ती फ्लेक्सवरची बाई नव्हतीच. निवेदक म्हणाला, मॅडम वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यात, तोवर त्यांच्या भगिनी नृत्य सादर करतील. भगिनी मॅडमच्या आईच्या वयाच्या दिसत होत्या. त्यातून पेनड्राईव्ह सारखा अडकायचा. गाणं थांबलं की बाई एक हात वर करून तशाच उभ्या राहायच्या आणि सुरू झालं की हात खाली यायचा. निवेदक सारख्या जोरदार टाळ्या मागत होता. लोक टाळ्या द्यायचे, पण गाणं बंद पडल्यावर.

मला त्या दिवशी कंपनीतल्या शिफ्टला सुट्टी होती. स्टेजवर बघण्यासारखं काही नाही म्हणून मीही खुर्ची फिरवली आणि आप्पांच्या शेजारी उलटा बसलो. आप्पा खूश झाले.

"त्यो बघ, सोसायटीचा चेरमन. फोन कानाला लावलाय, पन फोन बंद हाय. बायकू पलीकडं बसलीय ना! नाचाकडं ध्यान न्हाई असं दावतोय. आन् ती पोरं बघ. डोळं असून मोबाईलातनं बघत्यात. घरी जाऊन बघायचंय म्हनं. घरी जायचं व्हतं तर आलं कशाला?"

खरोखर, उलटं बसून बघण्यात फार मजा होती. पण हळूहळू आप्पांचं बोलणं कमी झालं. टोपी काढ, घाल, परत काढ. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाले, "आरं, पडला की रं प्रोग्राम!"

"पडू द्या की. तुमची तर स्टेजकडं पाठ हाय."

आप्पांची नजर कुठे आहे ते मी बघितलं. चेअरमन नाही, पोरं नाहीत. दोरीपलीकडे, बायकांच्या बाजूला, मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून सगुणाकाकी बसल्या होत्या. चेहरा दगडासारखा. आजूबाजूच्या बायका जांभया देत उठायला लागल्या होत्या.

"घरात हासत न्हाई रं ती," आप्पा हळूच म्हणाले. "पन नाच चांगला असला का हितं हासती. तोंडाला पदर लावून. त्ये बघाया येतो मी. आता ही बी उठून जानार बघ."

वडगाव रासाई, केडगाव, सगळ्या जत्रा आठवल्या. आम्ही आप्पांना येडं म्हणत होतो आणि हा माणूस बायकोचं हसू बघायला गावोगाव फिरत होता.

तेवढ्यात गाणं कायमचं बंद पडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी तरी "पैसे परत" म्हणून ओरडलं. तिकीट नव्हतंच, तरी ओरडलं. नाचणाऱ्या बाईंनी घाम पुसला, निवेदकाकडे एकदा जळजळीत पाहिलं आणि सरळ स्टेजवरून उतरून मागे बायकांच्या बाजूला आल्या.

"ह्यांचं मशीन मेलं, माव्शी! आपन फुगडी घालू. तिला लाईट लागत न्हाई. कोन येतंय?"

बायकांनी एकमुखाने काकींना ढकललं. काकी नको नको म्हणत होत्या. मग त्या थांबल्या आणि त्यांनी दोरीवरून थेट आप्पांकडे बघितलं.

पंचमीची गोष्ट साऱ्या गावाला पाठ. खुर्च्या करकरल्या. बघता बघता अख्खं गाव स्टेजकडे पाठ करून बसलं. चेअरमनने फोन खाली ठेवला. आप्पांनी टोपी काढून दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर दाबून धरली.

काकींनी पदर खोचला.

काय फुगडी झाली म्हणता! बाईंचे घुंगरू आणि काकींच्या बांगड्या यांचा एकच आवाज. पहिल्या फेरीला बाई हसत होत्या, पाचव्या-सहाव्याला "बास, माव्शी, बास" म्हणायला लागल्या. काकी सोडेनात. त्या हसत होत्या, तोंड उघडं टाकून, पदराबिदराची आठवण न ठेवता. शेवटी बाईच मातीत बसल्या. काकी खांबाला धरून धापा टाकत उभ्या राहिल्या, तेव्हा गावाने ज्या टाळ्या दिल्या त्या निवेदकाने मागितलेल्या नव्हत्या.

शेजारी बघतो तर आप्पांची खुर्ची रिकामी. ते पाण्याची बाटली घेऊन दोरी ओलांडत होते. बायकांच्या बाजूला गडीमाणूस जात नाही, पण कोणी अडवलं नाही.

काकींनी त्यांना येताना पाहिलं. तोंड फिरवून शेजारणीला म्हणाल्या, "म्हशीला पानी पाजलं का इचार गं त्यास्नी."

आप्पा समोर जाऊन उभे राहिले. बाटली पुढे केली.

"म्हशीला पाजून आलोय," ते म्हणाले. "हे तुला हाय."

काकींनी बाटली घेतली, एक घोट प्यायल्या, बाटलीकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं.

"गार न्हाई," त्या म्हणाल्या.

आप्पा धोतराचा सोगा धरून बर्फाच्या गाडीकडे पळत सुटले. मागे कसा कोण जाणे पेनड्राईव्ह चालू झाला आणि गाणं वाजायला लागलं. स्टेजकडे कोणीच बघत नव्हतं.