शांत गल्लीतली बारावी गाडी

उंबऱ्याजवळ ठेवलेली गोटी आधी जागच्या जागी थरथरली. मग कुणीतरी परवानगी दिल्यासारखी सावकाश ईशान्येकडे निघाली, तिसऱ्या फरशीच्या सांध्यावर क्षणभर अडखळली आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकून थांबली. मेघाने गोटी उचलून पुन्हा उंबऱ्याजवळ ठेवली. पुन्हा तीच वाट, तेच अडखळणं, तीच भिंत. तेव्हा कुठे तिने गोटी पर्समध्ये टाकली आणि ज्ञानेश्वरच्या घराला कुलूप लावलं.

ही उद्याच्या परीक्षेची रंगीत तालीम होती. परीक्षक होते दालमिलवाले नेमीचंदभाऊ. जळगावात मेघासारख्या घरं-प्लॉट दाखवणाऱ्या प्रत्येकाला नेमीचंदभाऊ माहीत होते आणि त्यांची हिरव्या रेघेची काचेची गोटीही. घरात शिरले की ते आधी गोटी सोडत. ती योग्य दिशेला गेली, तर प्रत्येक खोलीत डोळे मिटून उभे राहत आणि शांतता ऐकत. मग बाहेर गाडीपाशी जात, मागच्या काचेतून आत बघत आणि परत येऊन म्हणत, "विचार करून सांगतो." गेली तीन वर्षं ते विचार करत होते. गाडीत त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई बसलेल्या असत. त्या कधीच खाली उतरत नसत. "गुडघे दुखतात," असं नेमीचंदभाऊ सांगत.

दुसरं कुठलं घर असतं तर मेघाने केव्हाच हात टेकले असते. पण हे घर तिच्या माहेराला भिंत लावून होतं. मालक ज्ञानेश्वर नाशिकला स्थायिक झालेला. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मेघा, आखाजीपर्यंत थांबतो. नाही जमलं तर बिल्डरला देऊन टाकतो. तो चार मजले चढवणार आहे." चार मजले चढले असते, तर खाली पार्किंग आलं असतं आणि घरासमोरचा लांबलचक दगडी ओटा गेला असता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमायच्या बारागाड्या त्याच ओट्यासमोर उभ्या राहत. गल्लीतल्या बायका त्याच ओट्यावरून त्या बघत. आणि एकापाठोपाठ एक बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या त्या बारा बैलगाड्या ओढणारा भगत म्हणजे मेघाचे वडील, सुकदेव आबा.

बैठं घर हवं, ओटा हवा, आणि पाडायचं काहीच नाही, असं म्हणणारं गिऱ्हाईक अख्ख्या जळगावात एकच होतं. म्हणून तर मेघाने जाहिरातीत पहिला शब्द 'शांत' असा टाकला होता. 'शांत परिसर, मोकळा ओटा, भरपूर उजेड.'

ती जाहिरात तिने आईला वाचून दाखवली, तेव्हा तानुबाई लाटणं हातात धरून बघतच राहिल्या.

"शांत? आपली गल्ली? मेघा, तो मानूस बहिरा शे का?"

"माय, गिऱ्हाइकाला सुरुवातीला थोडं..."

"लाज वाटस का तुले आपली?" ओसरीवरून आबांनी विचारलं.

"लाज कशाची, आबा? पण घर घेणाऱ्याला सगळं पहिल्याच दिवशी सांगत नाहीत."

लाज तिला खरंच नव्हती. शाळेत असताना ती मैत्रिणींना न विचारता सांगायची की माझे वडील बारा गाड्या ओढतात. पुढे कॉलेजात भौतिकशास्त्र घेतल्यावर तिने एकदा आबांना समजावलं होतं, की ओट्यापासून मंदिरापर्यंत रस्त्याला थोडा उतार आहे, चाकांमुळे घर्षण कमी होतं, वगैरे. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तू ओढी दखाड." तो विषय तिथेच संपला होता.

खरी पंचाईत तारखेची झाली. नेमीचंदभाऊ चांगल्या दिवसाशिवाय घर बघत नसत. "मेघाताई, आखाजीलाच बघू," ते म्हणाले. "त्या दिवशी बघितलं की अडलेलं काम सुटतं." मेघाने हिशोब केला. गाड्या निघतात संध्याकाळी. "सकाळी दहाला या मग," ती म्हणाली. दहाला गल्लीत पुरणाच्या वासाशिवाय काही नसतं.

आखाजीच्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. मग फोन आला. नेमीचंदभाऊंच्या बहिणीचं वर्षीतप, म्हणजे वर्षभराचं उपासाचं व्रत, पूर्ण झालं होतं, उसाचा रस देऊन पारणं व्हायचं होतं आणि रस पाजायला अख्खं गोत जमलं होतं. "दुपारी येतो, ताई." दुपार झाली. "निघालोच." ते आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तोपर्यंत ओट्यासमोर अकरा गाड्या एकामागे एक बांधून तयार होत्या.

अकराच, कारण बारावी यायची होती. आता बैलगाड्या उरल्यात किती? आजूबाजूच्या गावांतून त्या टेम्पोत बसून येतात. धरणगावच्या तोतारामची गाडी ठणठणीत होती, पण तिला आणणारा टेम्पो वाटेत बंद पडला होता. गाड्यांची जोडणी बघणारे जीवराम नाना फोन कानाला लावून गल्लीत येरझारा घालत होते. "तोताराम, ढकली आन! नही तर खांदावर आन!"

नेमीचंदभाऊंचा ड्रायव्हर नीलेश पांढरी गाडी घेऊन आला, तेव्हा गल्लीत थांबायला एकच जागा मोकळी होती. अकराव्या गाडीच्या मागे. तिथेच त्याने ती उभी केली.

"एवढ्या बैलगाड्या?" नेमीचंदभाऊंनी खाली उतरत विचारलं.

"आखाजी आहे ना भाऊ, पाहुणेरावळे," मेघा म्हणाली आणि त्यांना जवळजवळ ढकलतच घरात घेऊन गेली. लाडकुंवरबाई नेहमीप्रमाणे गाडीतच बसल्या.

आत सगळं तालमीप्रमाणे झालं. गोटी निघाली, अडखळली, ईशान्येच्या भिंतीला टेकली. नेमीचंदभाऊंनी भुवया उंचावल्या. त्यांच्या बाबतीत ही टाळ्यांच्या कडकडाटासारखी गोष्ट होती. मग ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

बाहेर डफावर थाप पडली.

"हे काय?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"शेजारी छोटा कार्यक्रम आहे."

"रोज असतो?"

"छे! वर्षातून एकदा." मेघाने खिडकी लावून घेतली. डफाच्या जोडीला ताशा आला. खिडकीची काच थरथरू लागली आणि भिंतीला टेकलेली गोटी तिथून सुटून टुकटुक करत मागे निघाली.

"ती परत येतेय," नेमीचंदभाऊ डोळे उघडून म्हणाले.

"तुम्ही स्वयंपाकघर बघा ना, भाऊ. मागच्या बाजूला आहे. एकदम निवांत."

स्वयंपाकघरात मेघाने नळ पूर्ण सोडला आणि त्याच्याखाली पितळी घंगाळ ठेवलं. पाण्याचा असा काही आवाज झाला की ताशासुद्धा दबला.

"पाण्याला जोर चांगला आहे!" नेमीचंदभाऊ ओरडून म्हणाले.

"चोवीस तास टाकी भरलेली!" मेघाही ओरडली.

"काय?"

"टाकी!"

घंगाळ भरलं, पाणी काठावरून सांडायला लागलं, म्हणून नळ बंद करावा लागला. नेमकी त्याच क्षणी बाहेर शेकडो गळ्यांतून आरोळी उठली, "मरीमाय की जय!" आणि घराच्या भिंती हलल्यासारखं झालं. नेमीचंदभाऊ तडक पुढच्या खोलीत गेले आणि त्यांनी खिडकी उघडली.

गाड्या निघाल्या होत्या. गुलालाने लाल झालेल्या, पोराटोरांनी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी गच्च भरलेल्या गाड्या खिडकीसमोरून एकामागे एक जात होत्या. नेमीचंदभाऊ बघत राहिले. अकरावी गाडी गेली. तिच्या मागे साखळदंडाने बांधलेली पांढरी मोटार होती. बॉनेटवर मांडी घालून जीवराम नाना बसले होते. नीलेश एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर उपरणं फिरवत होता. मागची काच पूर्ण खाली होती. तिच्यातून लाडकुंवरबाई ओट्यावरच्या बायकांना हात दाखवत होत्या.

"ती गाडी माझी आहे," नेमीचंदभाऊ हळूच म्हणाले.

"हो, भाऊ."

"इंजिन बंद आहे."

"बंदच दिसतंय."

"मग ओढतंय कोण?"

तीन वर्षं जपलेलं गिऱ्हाईक, ज्ञानेश्वरचं घर, ओटा, सगळं मेघाच्या डोळ्यांसमोरून साखळीने बांधल्यासारखं निघून चाललं होतं. काहीतरी सारवासारव करायला हवी होती. पण हा प्रश्न तिला लहानपणापासून पाठ होता, आणि त्याचं उत्तरही.

"माझे वडील," ती ताठ होऊन म्हणाली.

नेमीचंदभाऊंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि चपला न घालताच बाहेर धाव घेतली. मेघाही मागोमाग निघाली.

मंदिरापाशी गाड्या थांबल्या होत्या. पायरीवर सुकदेव आबा हळदीने माखलेल्या अंगाने बसले होते आणि त्यांचे दोन बगले, म्हणजे धावताना दोन्ही बाजूंनी भगताला धरणारे गडी, त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होते. मोटारीभोवती सगळी गल्ली जमली होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं बोट होतं आणि आरशाला आंब्याचा टहाळा.

"नीलेश!" नेमीचंदभाऊंना धाप लागली होती. "गाडी कुणी दिली?"

"साहेब, मी पहूरचा, बारागाड्यांच्या गावचा आहे," नीलेश म्हणाला, जणू एवढ्यात सगळं आलं. "मी फक्त न्यूट्रल केली."

"शेठ, गाडी रांगमा उभी व्हती," जीवराम नाना बॉनेटवरून उतरत म्हणाले. "अकरा गाड्यासना मांगे. आन आम्ही काय न इचारता जोडी नही. इचारं ना!"

"कुणाला विचारलं?"

नाना आणि नीलेश दोघांनीही मागच्या सीटकडे बघितलं.

दार उघडलं आणि लाडकुंवरबाई खाली उतरल्या. गुडघ्यांवर हात न ठेवता. तानुबाई तोवर पन्ह्याचा पेला घेऊन पुढे झाल्याच होत्या.

"व माय, मी काच वाजाडी तव्हयपासून म्हनी ऱ्हायनू, एकटी काब्र बठनी, चाल ओटावर. तं हाई बाई म्हने कशी..."

"मी म्हनू, जोडा मनी गाडी," लाडकुंवरबाई म्हणाल्या. "पन मी खाले उतराव नही."

मेघा चकित होऊन ऐकत राहिली. तीन वर्षांत तिने या बाईंचा आवाज ऐकला नव्हता, आणि आज ऐकला तो असा.

"भाभी, तुम्हाला अहिराणी येते?"

"मनं माहेर शिंदखेडानं. आमना दुकानना समोरतीन जायेत बारागाड्या." पन्ह्याचा घोट घेऊन त्या थांबल्या. मग मेघाला नीट कळावं म्हणून साध्या मराठीत म्हणाल्या, "लहानपणी मला कधी बसू दिलं नाही. पोरींनी बसायचं नाही म्हणे. आज माझीच गाडी होती. मला कोण उतरवणार?"

पायरीवर आबांनी डोळे उघडले. "जीवराम, यंदानी बारावी जड लागनी रे. काय भरेल व्हतं तिन्हामा?"

"एसी व्हता, आबा!" जीवराम नाना म्हणाले आणि सगळी गल्ली हसली.

नेमीचंदभाऊ मात्र हसले नाहीत. ते गाडीला एक फेरी मारून आले. ओरखडा कुठेच नव्हता. मग ते मेघाकडे वळले. "ताई, तुम्ही म्हणाला होता, शांत गल्ली."

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मेघाला एकदम हलकं वाटलं.

"नाही भाऊ, शांत नाही. कधी होणारही नाही. आखाजीला बारागाड्या असतात. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा बायका रात्रभर गाणी म्हणतात. थंडीत ओट्यासमोर काड्यांचा जाळ करून भरिताची वांगी भाजतात, धूर थेट तुमच्या खिडकीत येईल. तुम्ही वांगी खात नसाल, तर तुमच्यासाठी वेगळं काय करायचं यावर आधी तासभर भांडण होईल. दार लावून बसलात तर कुणीतरी येऊन वाजवेल. हे सगळं चालणार असेल तर घर बघा. नाहीतर मी दुसरं दाखवते. तिथे शेजारी कोण राहतं तेसुद्धा कळणार नाही."

बिल्डरचं सगळ्यांना माहीत होतं. तानुबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. आबा पायरीवर ताठ बसले.

नेमीचंदभाऊंनी पत्नीकडे बघितलं. त्या वेळी मेघाच्या लक्षात आलं, की इतकी घरं बघून झाल्यावर ते गाडीपाशी का जायचे. विचार ते करतच नव्हते. विचारत होते. आणि काचेआड दरवेळी एक मान नकारार्थी हलत होती.

"तुम्ही गोटी सोडायचात," लाडकुंवरबाई त्यांना म्हणाल्या, "आणि मी काचेतून बघत बसायची. इतक्या गल्ल्या झाल्या. कुण्णी काच वाजवून विचारलं नाही, बाई, तू कोण, एकटी का बसलीस. आज वाजवली."

नेमीचंदभाऊंनी घसा खाकरला, सवयीने म्हणाले, "विचार करून..." आणि सवयीनेच खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. दुसरा चाचपला. तोही रिकामा.

"गोटी तिकडेच राहिली," ते गोंधळून म्हणाले आणि घराच्या दिशेने निघाले.

लाडकुंवरबाईंनी रिकामा पेला तानुबाईंच्या हातात दिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या ती तठेच. घर लेनं शे."