गोणीमागचे कावळे

“हे सांगून कुणाला पटायचं न्हाय, म्हणून मी सांगतच न्हाय,” असं म्हणून बाळाजीने हरीभाऊंच्या ओटीवर ऐसपैस मांडी ठोकली. नागावात सगळ्यांना माहीत होतं, की बाळाजी असं म्हणाला म्हणजे आता त्याला थांबवणं कुणाच्या हातात नाही.

त्या सकाळी ओटीवर गोष्टीला जागा तशी नव्हती. हरीभाऊंचा मुलगा अजेय ठाण्याहून आला होता आणि घरची सुपारीची वाडी रिसॉर्टवाल्याला विकायचं जवळजवळ ठरवूनच आला होता. संध्याकाळी तो माणूस टोकन घेऊन यायचा होता. हरीभाऊ मुलापुढे बोलत नसत; ते खाली मान घालून सुपाऱ्या सोलत बसले होते. गोदावरीकाकूंनी मात्र शेजारच्या बाळाजीला न मागता चहा दिला, आणि वर दोन लाडू.

“गेल्या थंडीतली गोष्ट,” बाळाजी म्हणाला. “पलीकडच्या होमस्टेला प्रज्योत म्हणून पोरगा उतरलेला. वाशीचा. पहाटे बघतो तर पाठीला गोणी, हातात चिमटा, आणि किनाऱ्यावर पळतोय. म्हटलं, काय रे, काय हरवलं? तर म्हणतो, अंकल, प्लॉगिंग! पळायचं आणि पळता पळता कचरा उचलायचा.”

“चांगलं आहे की,” अजेय मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

“चांगलंच हाय. मी म्हटलं, बाबा, पळतोस तर पळ, वेचतोस तर वेच. दोन्ही एकदम करशील तर कमरेत उसण भरेल. पण त्याचा नेम कडक. एकदा उचललेला कचरा मरेपर्यंत खाली ठेवायचा न्हाय. बाटल्या उचलल्या, वेफरची पाकिटं उचलली, आणि पुढं कुणीतरी टाकलेली सडक्या बांगडा मासळीची पिशवी, तीपण उचलली.”

“शी!” काकू म्हणाल्या.

“आपण शी म्हणतो, कावळा म्हणत न्हाय. आधी दोन लागले मागं. मग नागावचे सगळे. मग आक्षीचे. रेवदंड्याचे तर खाडीवरून आले, मी डोळ्यांनी बघितले. त्या पोराच्या डोक्यावर अशी सावली धरली, की घाम येईना. कावळे मागं म्हणून हा पळतो, हा पळतो म्हणून कावळे मागं. आणि मनगटावरचं घड्याळ आपलं त्याला शाबासकी देतंय!”

अजेय हसला. बाळाजीने लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला.

“आता खरी गंमत. त्याच वेळी सुरूच्या बनाजवळ एका बागायतदाराचा दहावा चाललेला. पिंड मांडलेला, भटजी बसलेले, मुलगा हात जोडून उभा. आणि आभाळात औषधालासुद्धा कावळा न्हाय! सगळे त्या गोणीमागं. पण त्यांना काय ठाऊक? मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा न्हाय. बहिणीला दरवर्षी माहेरपणाला आणीन. न्हाय. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला तंबाखू आवडायची, तीपण ठेवली. न्हाय! भटजींना चौलला दुसरा दहावा. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ. तर म्हातारी उठली. म्हणाली, दर्भाचा चालणार न्हाय. त्यांचा जीव कशात अडकलाय ते ह्याला ठाऊक हाय.”

“कशात?” अजेयने विचारलं. मोबाइल मांडीवर आला होता.

“मला काय ठाऊक? मुलाला ठाऊक. तो वाडी विकायला निघालेला.”

अजेयने मोबाइल बाजूला ठेवला.

“शेवटी उन्हं टाळूवर आली. मुलगा रडकुंडीला आला आणि मोठ्यानं म्हणाला, बाबा, वाडी विकणार न्हाय! आणि तेवढ्यात तो पळणारा पोरगा कावळ्यांना कंटाळून गोणीसकट समुद्रात शिरला, गळ्यापर्यंत. कावळ्यांनी बघितलं, आपलं जेवण बुडालं. वळले की माघारी! एका पिंडाला एवढे कावळे बसले, की पिंड दिसेना आणि भटजीपण दिसेनात.”

“म्हणजे कावळे कचऱ्यामागे होते, काका,” अजेय म्हणाला. “निव्वळ योगायोग.”

“मीपण तेच म्हणतो. पण तो पोरगा नेमका वाडीचं नाव काढल्यावरच पाण्यात का शिरला? एवढंच सांग.”

अजेयने बापाकडे पाहिलं. हरीभाऊ सुपारी सोलत होते.

“ह्यांचं तर काही सांगताच येत नाही बाई,” काकू पदर सावरत म्हणाल्या. “आत्ता गप्प बसतात. नंतर मात्र सगळ्या गावाला उन्हात उभं करतील.”

अजेय उठला, अंगणात गेला, फोन कानाला लावून येरझाऱ्या घालू लागला. “नाही, संध्याकाळी येऊ नका… नाही हो, किमतीचा प्रश्न नाही… घरचं कारण आहे. वाडी द्यायची नाही, नक्की.” तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आजारातून उठल्यासारखी हुशारी होती. काकूंनी बाळाजीपुढे तिसरा लाडू ठेवला.

“पण काका, वारलं कोण होतं हो?” अजेयने सहज विचारलं. “मला कुणी कळवलं नाही ते.”

इथेच बाळाजीने उठून घरी जायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

“आक्षीचा चंदरनाना,” तो हळहळत म्हणाला. “देवमाणूस होता.”

हरीभाऊंनी सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली.

“चंदरनाना? अरे, काल दुपारी माझ्याकडून सुपारीची रोपं घेऊन गेला तो! मेलेला माणूस रोपं कुठे लावणार आहे, बाळाजी?”