साडूपेक्षा दोन फूट मोठं

गुरुशांतनं हॉलमध्ये चित्र लावायचं ठरवलं ते साडूवरच्या रागापोटी. चित्राची आवड वगैरे काही नव्हती. सोलापूरच्या नवी पेठेत टॉवेल-नॅपकिनचं दुकान चालवणाऱ्या या माणसाचा कलेशी आजवरचा संबंध म्हणजे टॉवेलाच्या काठावरचा मोर. तोही धुण्यात मोराचा रंग गेल्याची तक्रार आली तरच.

साडू शिवशरणराव पुण्याचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हॉलमधलं नुसत्या रंगाच्या फटकाऱ्यांचं चित्र बघून गुरुशांतनं अगदी साध्या मनानं विचारलं होतं, "रंगारी अजून यायचाय का?" सगळं घर हसलं. साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "असू दे. सोलापूरला असलं काही पोचायला वेळ लागेल." त्या दिवसापासून गुरुशांत तो खांदा जरा खाली पाडूनच चालायचा.

मग जुळे सोलापुरात नवा फ्लॅट झाला. वास्तुशांतीला साडू नक्की येणार म्हटल्यावर यानं मोबाइलवरून मिक्स मीडियाचं ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग मागवलं. निवडताना एकच गोष्ट बघितली. साडूचं चार फूट, हे सहा. (बाकीचं चित्र त्यानं बघितलंच नाही. ते पुढं नडलं.) काळ्या-तपकिरी रंगात गोणपाट, सुतळी, गंजका पत्रा, आणि मधोमध कागदाच्या लगद्याचं ताटाएवढं एक गोल चिकटवलेलं. चित्रकाराची सहीसुद्धा त्या गोलाच्याच काठावर. चित्राचं नाव 'भूमी'. गुरुशांतची आई ईरम्मा एवढंच म्हणाली, "पोतं भितीला का लावायलास? पुसायला काय घेऊ मग?"

वास्तुशांतीच्या सकाळी चित्र आत आणताना बायको शिवानी म्हणाली, "अहो, डावीकडं घ्या." गुरुशांतनं उजवीकडं घेतलं. चित्र चौकटीवर आपटलं. पूजा सांगायला आलेले जंगमस्वामी आतून हाका मारत होते, म्हणून ते तसंच टांगून तो पूजेला बसला. पूजा उरकून बघतो तर चित्राच्या मधोमध नुसता डिंकाचा डाग. गोल गायब. सोफ्याखाली, जिन्यात, पाव्हण्यांच्या चपलांत, सगळीकडं शोधून झालं. विकणाऱ्याला फोन लावला तर दुसरा गोल यायला पंधरा दिवस लागतील म्हणाला. तेवढ्यात साडूचा फोन आला, मोहोळ सोडलं, अर्ध्या-पाऊण तासात पोचतो म्हणून.

गुरुशांत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि समोर त्याला कडक भाकरीचा डबा दिसला.

साडूच्या फर्माईशीवरून ईरम्मानं आठ दिवस आधी भाकरी थापून, वाळवून ठेवल्या होत्या. गुरुशांतनं डबा उघडला. सगळ्यात वरची भाकरी उचलली, उलटीपालटी केली. फारच करपलेली, आणि जाडही. आईचा हात आता पहिल्यासारखा चालत नाही, असं मनाशी म्हणून त्यानं ती परत ठेवली आणि खालची एक चांगली गोल, पापुद्रा सुटलेली निवडली. तिला फेविकॉल लावून चित्रावर दाबली. वरून बुटाच्या पॉलिशचा हात मारला.

साडू आले. चपला काढायच्या आधीच त्यांची नजर भिंतीवर गेली. चष्मा कपाळावर नेऊन ते पाच मिनिटं चित्रासमोर उभे.

"या गोलात चित्राचा जीव आहे," शेवटी साडू हळू आवाजात म्हणाले. "हा पोत मशीनवर येत नाही, गुरुशांतराव. यामागं कुणातरी बाईचा हात आहे."

गुरुशांतचा खांदा दोन वर्षांनी सरळ झाला. "आपण बघूनच घेतो," तो म्हणाला.

जेवायला बसला तो राजासारखा. ताटात शेंगाआमटी आणि कडक भाकरी. साडूची भाकरी कटकन मोडली. याची मात्र मोडेना. कोपराचा जोर लावला तेव्हा कुठं तुकडे झाले. ते आमटीत बुडवून तो चावत राहिला. दातात एक सुतळी आली, ती त्यानं कढीपत्त्याची काडी म्हणून बाजूला ठेवली. आनंदच एवढा होता की पाऊण भाकरी संपवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, आजची भाकरी लई झकास."

ईरम्माला बरं वाटलं. ती वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "तुला ग्वाड लागली न्हवं? सकाळी दारात पडली हुती रं. पदरानं पुसून डब्यात ठिवली. करपल्याली, पडल्याली पावन्याला कशी वाढू? म्हनून तुला वाढली."

गुरुशांतचा घास तोंडातच थांबला. त्यानं ताटात बघितलं. उरलेल्या तुकड्याच्या काठावर बारीक अक्षरांत इंग्रजी सही होती.

"काय हो ते? भाकरीवर काही लिहिलंय का?" शेजारून साडू वाकले.

गुरुशांतनं सही तोंडात कोंबली, वर वाटीभर आमटी ओतली आणि डोळे मिटून गिळली.

हात धुऊन साडू पुन्हा चित्रासमोर गेले. चारही कोपरे बघितले, मागं वाकून बघितलं, गोलाच्या काठावरून बोट फिरवलं. मग सावकाश परत आले आणि गुरुशांतच्या त्याच खांद्यावर हात ठेवला.

"यावर सही कुठंच नाही," ते म्हणाले. "माझ्या चित्रावर आहे. फसवलं हो तुम्हाला. असू दे, सोलापूरला असलं काही पोचायला वेळ लागेल."

गुरुशांतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसता ढेकर आला.