आर्विडची शेवटची काडतुसं

"दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. तो दुसरा मी असलो तरी नाही."

आर्विड निस्कानेन हे तळघरातल्या बाकासमोर बसून म्हणायचा, आणि म्हणता म्हणता चिमट्यानं बारुदाचा एकेक कण तराजूत टाकत असायचा. तौनो, वाइनो आणि ऑनी या तिघांना हातानं काडतुसं भरायला त्यानंच शिकवलं होतं. तिघे बाकी सगळं विसरले असते, पण हे वाक्य विसरणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांत ते त्यांनी बायकोच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं.

आणि आता आर्विडला देवाघरी जाऊन सहा महिने झाले असताना, त्यानंच भरलेली वीस काडतुसं बिस्किटांच्या डब्यात बसून तौनोच्या स्वयंपाकघरात आली होती.

डबा घेऊन आली ती आर्विडची बायको हेल्मी. बुटांवरचा बर्फ दारात झटकून ती आत आली आणि डबा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवत म्हणाली, "ही त्याची शेवटची. गेल्या हिवाळ्यात भरलेली. तुम्हा तिघांना वीस-वीस. पंधरा तारखेला हरणांचा हंगाम उघडला की पहिला बार ह्याच काडतुसांचा काढा. त्याला बरं वाटेल."

"हो," तौनो म्हणाला.

तौनो 'हो' म्हणाला यात नवल काही नव्हतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याला 'नाही' म्हणता आलंच नव्हतं. म्हणून त्याच्याकडे झाडू विकणाऱ्याचे तीन झाडू होते, आणि गळा नसताना तो अकरा वर्षं चर्चच्या गायनवृंदात उभा राहत होता. पास्टरांनी त्याला दोनदा सुचवून पाहिलं होतं, की देव मनातलं गाणंही ऐकतो. तौनो त्यालाही हो म्हणाला होता.

हेल्मी गेल्यावर त्यानं डबा उघडला. काडतुसं अशी लखलखत होती की त्यांत स्वतःचं नाक दिसावं. हिरवा गंज नाही, मानेला चीर नाही. एक कानाशी धरून हलवलं. आत बारीक सळसळ झाली. वास घेतला, पण चार दिवसांच्या सर्दीनं नाकात काही शिरेना. डब्यातल्या चिठ्ठीवर बारुदाचं वजन लिहिलं होतं, सत्तेचाळीस ग्रेन. अक्षर मात्र आर्विडचं असून नसल्यासारखं, ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.

"एवढं काय बघतोयस? आर्विडची आहेत ती," त्याची बायको सिल्वी म्हणाली. ती ओट्याशी उभी राहून खलात वेलदोडे कुटत होती. दुसऱ्या दिवशीच्या चर्चच्या कॉफीला निसूचे, म्हणजे वेलदोड्याच्या गोड ब्रेडचे, दोन पाव तिच्याकडून जायचे होते, आणि वेलदोडा ताजा जाडसर कुटल्याशिवाय निसू करणं हे सिल्वीच्या घराण्यात पाप होतं.

"बाहेरून कळत नाही ना. आत किती भरलंय ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग उघड."

तौनोनं उघडलं. त्यासाठी एक हातोडीसारखं अवजार असतं. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटून आतच पडते. तळघरातला दिवा गेला होता म्हणून त्यानं स्वयंपाकघरातच लाकडाच्या ओंडक्यावर ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला गोळी सुटली. बारूद त्यानं बशीत ओतलं आणि तराजू आणायला तो तळघरात उतरला. तराजू जुन्या पडद्यांखाली होता, पडदे झाडूंखाली होते. वर यायला त्याला दहा मिनिटं लागली.

सिल्वीनंही कुटलेला वेलदोडा बशीतच काढला होता, म्हणून टेबलावर आता दोन बशा होत्या. एक रिकामी. दुसरीत करडे-काळे जाडसर कण. सिल्वी कोपरापर्यंत पिठात होती.

तौनोनं उरलेल्या बशीत बोट फिरवलं. नोव्हेंबरातल्या दुपारच्या उजेडात ते काहीही असू शकत होतं. नाक बंद. त्यानं चिमूटभर उचललं, गुपचूप अंगणात नेलं, बर्फ उपसायच्या फावड्यावर ठेवलं आणि काडी लावली. भडका उडाला नाही. कण नुसते तपकिरी झाले.

दारातून सिल्वीचा आवाज आला, "माझा वेलदोडा का जाळतोयस? अंगणभर नाताळचा वास सुटलाय!"

तौनो फावडं हातात घेऊन उभाच राहिला. "सिल्वी," तो म्हणाला, "कणकेत काय घातलंस?"

"वेलदोडा. दुसरं काय घालणार?"

"वेलदोडा इथं आहे."

सिल्वीनं फावड्याकडे पाहिलं, मग मागे वळून टेबलाकडे पाहिलं. "मग कणकेत काय आहे?"

"बारूद."

"किती?"

"तेच तर मोजायचं होतं!"

सिल्वीनं एप्रनला हात पुसले. ती रागावली की आवाज खाली यायचा. "पाच अंडी, शेरभर पीठ, घरचं लोणी. आणि उद्या पास्टरांनी कॉफीत बुडवून खाल्ला असता. त्यांच्या पोटात हंगाम उघडायचा होता का तुला?"

कणीक कागदात गुंडाळून कचऱ्यात गेली. तौनोनं मग अंगणातल्या लाकडाच्या खोपटात बसून आणखी चार काडतुसं उघडली, आणि या वेळी तराजू शेजारीच ठेवला. पहिलं सत्तेचाळीस ग्रेन. दुसरंही. तौनोला बरं वाटलं. तिसरं पन्नासाच्या वर गेलं. काटा अडकला असेल म्हणून त्यानं परत मोजलं, तराजू पुसून परत मोजलं. चौथं एकावन्न.

 जो माणूस एका कणासाठी चिमटा घ्यायचा, त्याच्या हातून चार ग्रेन जास्त? एवढ्यानं बंदुकीचा मागचा भाग फुटून माणसाच्या चेहऱ्यात घुसू शकतो, हे आर्विडनंच त्यांना शिकवलं होतं.

"मग हेल्मीला सांग, की नाही झाडणार," सिल्वी म्हणाली. ती दुसरी कणीक मळत होती आणि टेबलावर आता एकच बशी ठेवली होती.

"काय सांगू? की तुझ्या नवऱ्याचं शेवटचं काम चुकलं म्हणून?"

"खरं ते सांग."

"हो," तौनो म्हणाला, आणि गाडीची किल्ली घेऊन उलट्या दिशेनं निघाला.

तीस मैलांवरच्या गावात तो गेला तो ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. हातानं काडतुसं भरणारा माणूस दुकानातली विकत घेताना दिसणं म्हणजे सुगरणीनं पावाच्या दुकानातून निसू आणण्यासारखं होतं. टोपी भुवयांपर्यंत ओढून तो दुकानात शिरला, आणि काडतुसांच्या फडताळाशी वाइनोवर आदळला.

वाइनोनं हातातली पेटी पाठीमागे नेली. "हातमोजे घ्यायला आलो. बायकोसाठी."

"हातमोजे त्या टोकाला आहेत."

"हो का? मग तू इथे काय करतोयस?"

"मीही हातमोजेच."

"तुझ्या बायकोसाठी?"

"हो."

दोघे फडताळाकडे बघत उभे राहिले. गल्ल्यावरचा दुकानदार खुर्चीतूनच ओरडला, "त्या जातीच्या दोनच पेट्या उरल्यात हं! मघाशी तुमच्या गावचा ऑनी एक घेऊन गेला. म्हणाला, पुतण्यासाठी."

"ऑनीला पुतण्या नाही," वाइनो म्हणाला. मग त्यानं पाठीमागची पेटी पुढे आणली. "तूही उघडून मोजलीस ना? माझ्यातलं एक बावन्न निघालं. मी तराजूच फेकणार होतो."

परतताना दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या करून त्यांनी बेत पक्का केला. तिघांनी दुकानातली झाडायची. रिकामी नळकांडी खिशात टाकायची. हेल्मीला सांगायचं, आर्विडचा बार असा वाजला की तळ्यापलीकडे ऐकू गेला. कुणाला इजा नाही, कुणाचं मन मोडत नाही. "बार तो बार," वाइनो म्हणाला. घरी पोचेपर्यंत तौनो शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या कॉफीला सिल्वीचा निसू पहिल्या दहा मिनिटांत संपला. तौनोनं त्याला हात लावला नाही. हेल्मी पेला घेऊन तिघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पाच मी माझ्यासाठी ठेवलीत," ती म्हणाली. "उद्या दुपारी जुन्या खाणीमागच्या खड्ड्यात जाऊन एक उडवून बघणार आहे. त्याच्याच बंदुकीनं."

"तू?" ऑनी म्हणाला.

"का? मला त्यानंच शिकवलंय. तुमच्याआधी."

वाइनोनं छताकडे पाहिलं. ऑनीनंही छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तौनोनं तोंड उघडलं. आता बोलायचं होतं. अख्खं वाक्य जिभेवर तयार होतं.

"उद्या हवा बरी आहे म्हणतात," तो म्हणाला.

सोमवार उजाडला. सकाळच्या प्रार्थनेत त्यानं देवाकडे काही मागितलं नाही, नुसता हात जोडून बसला, आणि उठल्यावर सिल्वीनं न विचारताच त्याचा कोट आणून दिला.

तो पोचला तेव्हा हेल्मी अंगणात होती. बंदूक गाडीच्या मागच्या बाकावर ठेवलेली, आणि हातमोज्यातल्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"हेल्मी, नको."

"काय नको?"

"ती काडतुसं. नाही झाडायची. कुणीच नाही. मी उघडून मोजली. काही बरोबर आहेत, काही नाहीत, आणि बाहेरून सगळी सारखी दिसतात. मी शनिवारीच सांगायला हवं होतं." तौनोला दम लागला होता. "माफ कर. पण नाही म्हणजे नाही."

हेल्मी रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा त्याला हाकलून देईल. ती गाडीच्या पायरीवर मटकन बसली आणि मूठ उघडून पाचही काडतुसं तिनं मांडीवर ठेवली.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "तीन दिवस वाट बघतेय. म्हटलं, तिघांपैकी एक तरी नाही म्हणेल. तुम्ही तिघेही हो म्हणालात!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती." ती काडतुसांकडे बघत बोलत होती. "गेल्या हिवाळ्यात त्याला तराजूचा काटा दिसेनासा झाला. कुणाला कळू द्यायचं नव्हतं त्याला. तो भरायचा आणि मी काटा वाचायचे. आणि माझा चष्मा? माझा चष्मा फुटलेला. त्याला तसं म्हणाले असते तर तो त्या दिवशीच उठला असता, आणि पुन्हा त्या बाकावर बसला नसता. इतका खुशीत होता रे. तो विचारायचा, बरोबर? मी म्हणायचे, हो."

 या बाबतीत तौनोला कुणाला बोल लावायचा अधिकार नव्हता.

"पण मग तू स्वतः कशाला झाडायला निघालीस?"

"माझ्या 'हो'नं भरलीत ना? मग काही व्हायचं असलं तर आधी मला होऊ दे. तुमच्यापैकी कुणाचा डोळा गेला असता तर मी कुठल्या तोंडानं देवापुढे बसले असते?"

तौनोही पायरीवर तिच्याशेजारी बसला. पायरी दोघांना पुरेशी नव्हती, पण कुणी उठलं नाही.

"तौनो, दोन गोष्टींचं वचन दे," हेल्मी म्हणाली. "त्या दोघांकडचीही सगळी परत आण, आणि एकूणएक उघडून टाक. आणि त्याचे डोळे गेले होते हे कुणाला कळता कामा नये. सिल्वीलाही नाही."

"आर्विडची चूक झाली कशी, हे वाइनो विचारेल."

"विचारू दे."

"त्याला सांगू काय?"

"तुला आता येतं ना ते," हेल्मी म्हणाली. "नाही म्हण."

तौनोनं तिच्या मांडीवरची पाच काडतुसं उचलून कोटाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. बर्फ पुन्हा भुरभुरायला लागला होता. संध्याकाळी तिघे जंगलातल्या झोपडीकडे निघायचे होते, त्याआधी दोन घरं गाठायची होती. गाडी तिथेच सोडून तो कुंपणाच्या कडेकडेनं चालत वाइनोच्या घराकडे निघाला. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. एकच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता, जिभेवर नीट बसेपर्यंत.