अजगररावांचा कोपराचा अभ्यास

एका जंगलात, मुलांनो, बेसबॉलचं वेड शिरलं. चेंडू म्हणून कवठ घ्यायचं. एकाने ते फेकायचं आणि समोरच्याने बाभळीच्या दांडक्याने टोलवायचं. तुम्हाला एवढं समजलं तरी पुरे. जंगलात बहुतेकांना तेवढंही समजत नव्हतं.

फेकण्यात झुंबऱ्या वानराचा हात धरणारं कुणी नव्हतं. कवठ दिसायचंच नाही, नुसता सूंकन आवाज यायचा.

पण एकदा त्याचं कोपर ठणकायला लागलं. वानराचा हात काही नुसता खेळायला नसतो. या फांदीवरून त्या फांदीवर जायचं ते हाताच्याच जोरावर, आणि खाली बिबट्या फिरत असतो. झुंबऱ्या घाबरला. तो संघाच्या मालकाकडे, अस्वलशेठकडे गेला.

"शेठ, कोपर दुखतंय. थोडे दिवस फेकत नाही."

"दुखतंय असं तू म्हणतोस," शेठ म्हणाले. "तुझ्या म्हणण्यावर कसं चालेल? तज्ज्ञ बोलावू."

तज्ज्ञ म्हणून अजगरराव आले. खांदा आणि कोपर हा त्यांचा खास विषय. त्यांना स्वतःला दोन्ही नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती असतं, असं सगळे आदराने म्हणत.

"फेक," अजगरराव म्हणाले.

झुंबऱ्याने फेकलं.

"परत. जरा जोर लाव. हात राखून फेकलंस तर दोष दिसणार कसा?"

उन्हं उतरेपर्यंत झुंबऱ्या फेकत राहिला. एवढा मोठा जीव आपल्या कोपराकडे टक लावून बघतोय, याचं त्याला जरा कौतुकही वाटलं. शेवटी अजगरराव बोलले, "पुढचा पाय टेकायच्या आत खांदा वळतोय. कोपर मागे राहतंय. सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतोय."

"दमलेत हो ते," झाडावरून झुंबऱ्याची बायको लवंगी म्हणाली. "सकाळी असं नव्हतं."

"वहिनी, दमणं माझ्या विषयात येत नाही."

मग दोष पक्का करायला रोजच फेकणं सुरू झालं. दोष दिवसेंदिवस अधिक स्पष्ट दिसू लागला. अजगरराव खूश होते.

पुढे पलीकडच्या जंगलाशी सामना ठरला. सामन्याआधी अजगररावांनी भर सभेत सांगितलं, "आज खेळला तर झुंबऱ्याचं कोपर जाणार."

झुंबऱ्याला हायसं वाटलं. सुटलो बाबा, असं म्हणत तो सावलीत जाऊन बसला.

"मग बसवू या का याला?" शेठनी विचारलं.

"बसवा की," अजगरराव म्हणाले. "पण मग कोपर धड राहणार. मी सांगितलं ते खरं की खोटं, हे कसं कळणार? लोक म्हणतील, अजगराने उगीच भीती घातली."

सभा विचारात पडली. एवढ्या अभ्यासाचा अपमान कुणालाच नको होता. सगळे झुंबऱ्याकडे बघू लागले.

"अहो, उठू नका," लवंगी म्हणाली.

"वडीलधारी माणसं आहेत गं," झुंबऱ्या म्हणाला आणि उठला.

कवठ सुटलं. पाठोपाठ कोपरातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. झुंबऱ्या मटकन खाली बसला.

मैदानभर टाळ्यांचा कडकडाट झाला. "आतल्याच बाजूला गेलं बरं का," सगळे एकमेकांना सांगू लागले. अजगररावांना हार घालायचं ठरलं. त्यांची मान नेमकी कुठे संपते यावर थोडा वाद झाला, एवढंच.

संध्याकाळी वानरांची टोळी झाडांवर चढली. झुंबऱ्या खालीच राहिला. लवंगी त्याच्याशेजारी बसली. तिची नजर झुडपांवरून हलत नव्हती.

झुडपं हलली. दोघं एकमेकांना बिलगली. पण ते अस्वलशेठ होते. मागून अजगरराव सरपटत येत होते.

"घाबरू नकोस रे," शेठ मायेने म्हणाले. "डावा हात आहे ना अजून? राव म्हणतात, त्याचाही अभ्यास करून टाकू."

तात्पर्य : मुलांनो, आपलं दुखणं आपल्याला कळतं, असा गर्व करू नये. ज्याला तो अवयवच नाही, त्याला विचारावं. त्याचा अंदाज चुकला तर आपला हात वाचतो, पण त्या बिचाऱ्याची अब्रू जाते. तेवढा त्याग तर आपण करायलाच हवा.