ओल्या लंगोटांची हजेरी

गावातल्या गड्यांचे लंगोट रोज सकाळी हाताने चाचपून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या शेजारीच राहायचे, सखाराम पैलवान. सगळे त्यांना नाना म्हणत.

पौडाकडचा रस्ता अजून खडीचा होता तेव्हाची ही गोष्ट. नानांना बायको नाही, पोर नाही. जीव काय तो तालमीत. आणि तालमीत येत होतं कोण? नाना आणि उंदीर! त्यात सोसायटीची खताची पोती आली आणि सरपंचांची नजर तालमीच्या खोलीवर गेली. नाना भांडले, अन्नपाणी सोडून पारावर बसले. शेवटी सरपंच म्हणाले, "दसऱ्यापतूर घरटी एक गडी तालमीत आलेला दाखवा. एक घर जरी कमी पडलं, तर पोती आत."

आता अंगठा उठवणाऱ्या माणसाने हजेरी मांडायची कशी? नानांनी तालमीत आडवी दोरी बांधली. मेहनत झाली की प्रत्येकाने घामेजलेला लंगोट आपापल्या जागी टाकायचा. ओला म्हणजे हजर, कोरडा म्हणजे गैरहजर. कोरडा सापडला, की नाना त्या घरापुढे उभे राहून ओरडायचे, "कोरडा! ह्या घरचा कोरडा!" घरातल्या बाईला पाणवठ्यावर तोंड दाखवायची चोरी.

आमचे हे महाआळशी. पहाटे उठायचे, विहिरीवर लंगोट बुचकळायचे, दोरीवर टाकून परत गोधडीत. दोन दिवस खपलं. तिसऱ्या दिवशी नाना दारात हजर, काठीच्या टोकावर लंगोट.

"सूनबाई, नवरा घरी निजलाय आन् लंगोट एकलाच पवून आलाय!"

मग ह्यांनी डोकं चालवलं आणि पाण्यात मीठ कालवलं. नाना पुन्हा दारात. "आज कालवण आळणी केलंस का गं? मीठ तर समदं हितं हाय. घामाचं पांढरं कमरंला धरतंया, ह्याच्या शेपटापतूर मिठागर झालंय!"

मी डबा उघडला. खरंच की, मीठ अर्धं गायब! असा संताप आला म्हणता, दुसऱ्या दिवशी ह्यांना गोधडीसकट अंगणात ओढून काढलं. पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात ह्यांचं पोट आत गेलं आणि हे येता-जाता मला दंड फुगवून दाखवायला लागले.

दोरी हळूहळू ओली होत गेली. शेजारच्या उरवड्याचे लोक चेष्टा करायचे. नाना म्हणायचे, "हसू द्या. त्यांच्याकडं दोरी तरी हाय का?"

दसऱ्याच्या सकाळी सरपंच आले. आम्ही बायका दाराबाहेर दाटीवाटीने उभ्या. सरपंच एकेक लंगोट चाचपत पुढे चालले, मागून नाना छाती काढून, "ओला. ओला. ह्योबी ओला." कडेच्या लंगोटाशी सरपंच थांबले.

"ह्यो कुणाचा?"

"धोंडिबाचा."

धोंडिबा हा नानांचा लहानपणापासूनचा कुस्तीतला जोडीदार. अंगावरून वारं गेल्यापासून खाटेवर होता, आणि त्याच्या घरात दुसरा गडी नव्हता.

"नाना, लोकांची लबाडी धरलीत आन् ह्यो तुमीच भिजवला व्हय? एक घर कमी. पोती आत."

दुसऱ्याच्या लंगोटावर तासभर बोलणाऱ्या नानांनी मान खाली घातली. मला तर रडूच फुटलं.

तेवढ्यात धोंडिबाची बायको यसूबाई पदर खोचून पुढे झाली. "सरपंच, ह्यो घाम माज्या मालकाचा हाय! नाना रोज झुंजुमुंजू व्हायच्या आदी येत्यात. त्यांस्नी तेल चोळत्यात, लंगोट बांदत्यात, हातपाय हलवून घेत्यात. दोगंबी घामाघूम हुत्यात. पडका हात लोकांस्नी दाखवू नगं, म्हनून मालकांनीच नानांस्नी शपत घातलीया. पर आता काय ऱ्हायलंय? चला, बगा!"

सगळा गाव निघाला. धोंडिबा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. एवढी माणसं बघून त्याने तोंड फिरवलं. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"धोंड्या, शड्डू ठोक."

धोंडिबाचा लुळा हात थरथरत उठला, निम्म्यातच खाली आला. पुन्हा उठला. नानांनी मदत केली नाही. मुठी आवळून बसले. हात छातीपर्यंत गेला आणि दाणकन नाही, पण मांडीवर आपटला. थप्प!

एवढासा आवाज, पण नाना ताडकन उठले आणि त्यांनी उलट शड्डू ठोकला. मग आमच्या ह्यांनी ठोकला, मग एकूण एक गड्याने. आळी दणाणली! सरपंचांनीसुद्धा धोतर सावरत ठोकून घेतला आणि म्हणाले, "पोती चावडीत टाका रं."

गुलाल उधळत गडी तालमीकडे पळाले. नाना मात्र गेले नाहीत. ते धोंडिबाचा हात हातात घेऊन ओसरीवरच बसले.

"बरा हो रं लवकर," ते म्हणाले. "तालीम भरली, पर मला जोड न्हाई. तुज्याबिगर लई एकलं वाटतंया."

मग पंच्याने डोळे पुसले आणि खेकसले, "आन् उद्या आवाज मोटा पायजे. न्हाईतर दारात हुबा ऱ्हाऊन कोरडा म्हनून वरडीन!"